जीर्णोद्धार की जतन? पाटीवर एक, कामात दुसरंच

गावातल्या हेमाडपंती देवळासमोर वर्गणीची पाटी लागते, ‘मंदिर जीर्णोद्धार’. सरकारी कागदावर मात्र ‘जतन व दुरुस्ती’ असं लिहिलेलं सापडतं. बोलताना आपण हे दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो. पण गवंड्याच्या हातात थापी आली की त्यांच्या वाटा वेगळ्या होतात.

जीर्णोद्धार हा मानाचा शब्द. देव नांदता आहे तर त्याचं घर भंगलेलं राहू नये, एवढंच त्यामागचं म्हणणं. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये काशी विश्वेश्वराचं देऊळ पुन्हा उभं केलं ते जुन्या खुणा राखायला नव्हे, पूजा चालावी म्हणून. त्यामुळे ऑइलपेंट आणि ग्रॅनाइटची फरशी लावणाऱ्या कमिटीला मी अडाणी म्हणणार नाही. बुलडाणा-वाशीमकडचे एखादे आजोबा सरळ विचारतील, “देवाचं घर गळून राह्यलं, अन् तुमी म्हनता हात लावू नोका?” प्रश्न रास्त आहे.

जतनाचा प्रश्न निराळा असतो. हा दगड कोणी घडवला, कसा बसवला, हे उद्याच्या माणसाला वाचता येईल का? जुन्या वास्तू कशा जपायच्या हे ठरवणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने त्याची रेघ आखून दिली: अंदाज सुरू होतो तिथे काम थांबवायचं, आणि नवा तुकडा घालावाच लागला तर तो जुन्याशी जुळावा, पण ओळखूही यावा. म्हणजे पडलेला खांब त्याच्याच बैठकीवर उभा केला तर ते जतन. द्वारपालाच्या तुटक्या मनगटाला सिमेंटचा पंजा चिकटवला तर तो जीर्णोद्धार, तोही वाईट. गडचिरोलीत मार्कंड्याच्या मुख्य देवळाचे दगड उतरवून पुन्हा रचायचं काम केंद्रीय पुरातत्त्व खात्याने हाती घेतलं, ते वर्षानुवर्षं रखडलं. जतनाची ही दुखरी बाजू. तिथे जाणाऱ्या भाविकाला सनद सांगून काय उपयोग?

खरी गोम सिमेंटमध्ये आहे. हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा तेराव्या शतकातला मंत्री. त्याच्या नावावर खपणारी बरीच देवळं त्याच्याही आधीची. त्यांची ओळख म्हणजे चुन्याशिवाय, खाचा-खुंट्यांनी बसवलेले दगड. या सांध्यांतून पाणी आत शिरतं तसं बाहेरही पडतं. आपण ‘फटी बुजवू’ म्हणून त्यांत सिमेंट भरतो. मग पावसाचं पाणी वरून कुठूनतरी शिरतंच, पण त्याची निघायची वाट बंद होते. ओल दगडात मुरते, उन्हाळ्यात सुकताना क्षार पृष्ठभागावर आणते आणि कोरीवकामाच्या खपल्या निघू लागतात. ऑइलपेंटखाली हेच घडतं, फक्त दिसत नाही. भरायचंच तर चुना बरा: तो मऊ असतो, श्वास घेतो, म्हणजे ओल बाहेर पडू देतो. झिजायची वेळ आली तर तो आधी झिजतो, दगड वाचतो.

गंमत म्हणजे सिमेंटचं खापर फक्त गावावर फोडता येत नाही. व्हेनिसच्या आधीच्या, १९३१ च्या अथेन्स सनदेने जुन्या वास्तूंसाठी सिमेंट-काँक्रीटला संमती दिली होती. तज्ज्ञही ठेचकाळूनच शिकले. २०१४ च्या केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संवर्धन धोरणात तर पारंपरिक कारागिरांना आणि त्यांच्या साहित्याला मानाचं स्थान मिळालं. हिरडा-गूळ घालून घाणीवर (चुना मळायच्या दगडी चाकाच्या घाण्यावर) चुना मळणारा म्हातारा गवंडी एकदम तज्ज्ञ ठरला. पण तोवर घाण्याच बंद पडल्या होत्या.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. केंद्र-संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरात नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरात परवानगी लागते; हे २०१० च्या दुरुस्तीने थेट कायद्यातच आलं. पण गावोगावची बहुतेक देवळं कुठल्याच यादीत नाहीत. तिथे अडवणारा कोणी नसतो, आणि सगळा निर्णय कमिटीच्या बैठकीत होतो.

तर आजोबांना उत्तर असं: गळती थांबवणं हेही जतनच आहे. छतावरचा पिंपळ नुसता वरून छाटू नका, मुळासकट काढा; नुसता छाटला तर तो दुप्पट जोमाने फुटतो. वरचा कोबा चुन्याचा करा, पन्हाळी मोकळ्या करा. आणि ठेकेदाराला पैसे देण्याआधी एकच विचारा, “चुना किती दिवस भिजवून ठेवणार?” तो “चुना कशाला?” म्हणाला, तर दुसरा ठेकेदार शोधा.