तणबीजांची उगवण (बेळगाव सीमाभाग)

जमिनीत पडून असलेले तणाचे बी केव्हा रुजेल, हे मुख्यतः मातीचे तापमान आणि ओल ठरवतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या तालुक्यांत हे दोन्ही घटक थोड्या अंतरात फार बदलतात. खानापूरच्या सह्याद्रीलगतच्या तांबड्या जमिनीत वर्षाला १,५०० मिमी.हून अधिक पाऊस होतो. अथणीच्या काळ्या रानात तो ६०० मिमी.च्या आसपास असतो.

प्रत्येक जातीला रुजण्यासाठी किमान तापमान व किमान जलविभव (मातीतले पाणी बियाला किती सहज मिळते याचे माप) लागते. या किमान मर्यादांपेक्षा जास्त मिळालेली ऊब आणि ओल काळाशी गुणून उगवणीचा अंदाज बांधण्याची मांडणी संशोधक गमरसन यांनी १९८६ मध्ये साखरबीटाच्या बियांवरून केली. पुढे ती तणांनाही लावण्यात आली. ती एकसारख्या ओलीत चांगली जुळते. वळवाच्या सरीनंतर मात्र वरचा दोन सेंमी.चा थर सुकतो, पुन्हा भिजतो. अशा रानासाठी ओल-सुकीचा क्रम वेगळा मोजणारे मत अधिक ग्राह्य वाटते. सरीनंतर चार-पाच दिवसांनी ढेकळांच्या सावलीकडच्या बाजूला आधी हिरवे दिसते. ढेकूळ उचलले की खाली पांढऱ्या दोऱ्यासारखे कोंब असतात. कुळवाची पाळी याच अवस्थेत खरी लागू पडते; मुळे खोल गेल्यावर भांगलणीवाचून गत्यंतर नाही. लव्हाळा प्रामुख्याने गाठींपासून फुटतो, त्यामुळे त्याला हा हिशेब लागू नाही.

परोपजीवी (दुसऱ्या वनस्पतीच्या मुळांवर जगणाऱ्या) तणांना ऊब आणि ओल पुरत नाही. ज्वारी व उसावरील टारफुल्याचे बी जेमतेम ०.२ ते ०.३ मिमी. असते. त्याला साधारण २५ ते ३५° से. तापमानाच्या ओल्या मातीत एक-दोन आठवडे ‘तयार’ व्हावे लागते. त्यानंतर यजमान पिकाच्या मुळांतून पाझरणारे द्रव्य मिळाले तरच अंकुर फुटतो. असे पहिले द्रव्य, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे करण्यात आले. कापसामुळे बी रुजते, पण कापसावर टारफुला वाढत नाही, म्हणून फसवे पीक म्हणून कापसाचा उपयोग होतो. तयारीचा काळ लांबून बी फार दिवस भिजत राहिले, तर ते पुन्हा सुप्तावस्थेत जाते. पाणी तुंबलेल्या सखल तुकड्यात टारफुला विरळ का, याचे हे एक संभाव्य कारण होय. टारफुला जमिनीवर दिसण्याआधी कित्येक आठवडे मुळांना चिकटलेला असतो. तोवर पिकाचे नुकसान सुरू झालेले असते.

निपाणीच्या तंबाखूतील बंबाखू हे परोपजीवी तणही याच रीतीने रुजते, पण त्याला थंड माती मानवते, सुमारे २०° से. त्यामुळे त्याचे कोंब पावसाळ्याऐवजी थंडीत वर येतात.

खानापूरकडील धूळवाफ पेरणीत (पावसाआधी कोरड्या मातीत केलेल्या पेरणीत) भात आणि तण एकाच पावसावर उगवतात. तेथे पहिली कोळपणी लवकर धरतात. चिखलणी करून लावलेल्या भातात उभे पाणी हवा अडवते व बहुतेक तणे दबतात. सावा जातीची काही गवते मात्र कमी प्राणवायूतही रुजतात.