सीएलएल निघाला म्हणजे लगेच केमो नव्हे

इंदुरात रामबागेतल्या मराठी घरांतही समज पक्का: रक्ताचा कॅन्सर निघाला की आठवड्यात केमो, नाहीतर माणूस हातचा गेला. सीएलएल हा लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा बहुधा संथ वाढणारा कॅन्सर. त्याला हे लागू नाही. त्रास नसताना लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढल्याचे चाचण्यांत दिसलेले नाही, दुष्परिणाम मात्र होतात. म्हणून सहसा दर ३ ते ६ महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), गाठी आणि प्लीहेची तपासणी. नुसत्या पांढऱ्या पेशींच्या आकड्याने घाबरू नका. आजारामुळे हिमोग्लोबिन १० च्या किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली जाणे, ६ महिन्यांत १० टक्के वजन घटणे, महिनाभर रात्री घामाने भिजणे, अशा वेळी उपचार. त्याआधी १७पी (कॅन्सर पेशींतल्या १७व्या गुणसूत्राचा आखूड भाग) तपासणी मागाच; तो भाग गळालेला असेल तर जुनी केमो फारशी चालत नाही, नव्या गोळ्या लागतात. आणि ताप आला तर काढे करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.