भ्रष्टकारी जादूवस्तू

टेबलटॉप रोल-प्लेइंग खेळांत (टेबलाभोवती बसून, काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन आणि फासे टाकून खेळायचे खेळ) धारकाला असामान्य सामर्थ्य देणारी आणि त्याच्या मोबदल्यात त्याची नीती, देह किंवा इच्छाशक्ती पोखरत जाणारी काल्पनिक वस्तू. शापित वस्तूपासून ती वेगळी मानावी लागते; शापित वस्तू धारकाला फसवते, तर भ्रष्टकारी वस्तूची किंमत त्याला निदान अंशतः ठाऊक असते आणि तरीही ती टाकून देणे त्याला जमत नाही.

या कल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधील, धारकाला अदृश्य करणाऱ्या अंगठीची कथा आद्य उदाहरण म्हणून पुष्कळदा दिली जाते. मात्र ती अंगठी कोणाला बिघडवत नाही, पकडले जाण्याचे भय तेवढे घालवते. त्यामुळे हा संबंध सैल वाटतो. सामान्यतः तेराव्या शतकाच्या सुमाराची मानली जाणारी ‘हेर्वारार सागा’ ही आइसलँडिक कथा अधिक जवळची आहे, कारण तिच्यातील तिर्फिंग ही तलवार म्यानाबाहेर आली की कोणाचा तरी बळी घेतल्यावाचून राहत नाही. टोल्किनच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधील अंगठी (१९५४–५५) सर्वांत परिचित असली, तरी खेळातील नियमांचे मूळ तीच, असे म्हणताना सावध राहावे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचा सहनिर्माता गॅरी गायगॅक्स याने १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’ला (खेळ चालवणाऱ्यासाठीची मार्गदर्शिका) जोडलेल्या वाचनयादीत टोल्किन, पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक हे तिघेही कल्पनारम्य कथालेखक आहेत, परंतु सर्वांत थेट प्रभाव म्हणून तेथे वेगळी काढलेली नावे या तिघांपैकी कोणाचीही नाहीत. शिवाय गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या १९७४ च्या मूळ संचातच बुद्धी आणि अहंकार असलेल्या, प्रसंगी धारकावर ताबा मिळवणाऱ्या तलवारी आढळतात. नियमाची वंशावळ पाहता अंगठीपेक्षा ही हट्टी तलवारच जवळची पूर्वज ठरते.

१९७६ च्या ‘एल्ड्रिच विझर्ड्री’ या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पुरवणीत व्हेक्ना या काल्पनिक दुष्ट जादूगाराचा हात आणि डोळा अवतरले. मूरकॉकच्या १९७१ च्या कादंबरीतील देवांच्या हात-डोळ्याशी त्यांचे साम्य उघड आहे. तथापि तेथील नायकाचे अवयव छळात गेलेले असतात, तर खेळात व्हेक्नाचा हात किंवा डोळा बसवण्यासाठी आपला अवयव स्वतःहून काढून द्यावा लागतो. रचनेच्या दृष्टीने हा फरक साम्याहून मोलाचा आहे, कारण अधःपतनाची पहिली पायरी येथे खेळाडू स्वतः चढतो. १९७९ च्या मार्गदर्शिकेत अशा वस्तूंचे गुणदोष भरण्यासाठी रिकाम्या जागा ठेवलेल्या होत्या, जेणेकरून पुस्तक वाचलेल्या खेळाडूलाही वस्तूचा अंदाज येऊ नये.

‘कॉल ऑफ कथुलू’ (१९८१) या खेळात हेच काम निषिद्ध ग्रंथ करतात. कथुलू मिथकाविषयीचे (लव्हक्राफ्टच्या भयकथांतील अतिप्राचीन, अमानुष शक्तींविषयीचे) ज्ञान जितके वाढते, तितकी मानसिक संतुलनाची कमाल मर्यादा ९९ वरून कायमची घटते. लाभ आणि हानी एकाच आकड्यात बांधणारी इतकी काटेकोर योजना क्वचितच आढळते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत स्वतःची जाणीव व इच्छा असलेल्या वस्तूशी संघर्ष झाल्यास धारकाला करिष्म्याचा (व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचा) बचावफासा, म्हणजे वस्तूच्या ताब्यातून सुटण्यासाठीचा फासा, टाकावा लागतो; त्यात गाठायचा आकडा १२ अधिक वस्तूच्या करिष्म्यावरून मिळणारी वाढ किंवा घट इतका असतो.

नवी वस्तू रचताना दंड साठवून एकदम द्यायचा की प्रत्येक वापरागणिक, हा मुख्य प्रश्न असतो. दुसरा मार्ग सरस वाटतो, कारण त्यात प्रत्येक वेळी निवड खेळाडूकडेच राहते. पात्र एकाएकी गेममास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) ताब्यात गेले, तर खेळाडूला उरलेला डाव नुसता पाहत बसावे लागतो. हानी साध्या मंत्राने भरून निघत असेल, तर ती किंमत न राहता किरकोळ खर्च होतो. उलट, वस्तूचा लाभ मोहिमेतील खऱ्या अडचणीवर चालत नसेल, तर ती पहिल्याच दिवशी पेटीत बंद होते. नाशाचा एकच ठरावीक उपाय ठेवण्याची प्रथा आहे. तो उपाय दूरच्या आणि धोक्याच्या ठिकाणी ठेवला, तर वस्तू नष्ट करायला निघालेल्या धारकावर वाटेत तीच वापरण्याची वेळ वारंवार येते.