विघटनशील मॅग्नेशियम रोपणांवरील संरक्षक लेप

हाड जुळेपर्यंत आधार देऊन नंतर शरीरातच विरून जाणारे स्क्रू, पिना, प्लेटा आणि तसेच विरणारे, रक्तवाहिनी उघडी ठेवणारे जाळीदार नळीसारखे स्टेंट ही रोपणे (शरीरात बसवायच्या वस्तू) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंपासून बनवता येतात. त्यांच्यावर दिलेल्या पातळ थराला संरक्षक लेप म्हणतात. धातूची झीज कायमची थांबवणे हे या लेपाचे काम नाही. झीज कधी सुरू व्हावी आणि किती वेगाने व्हावी, हे तो ठरवतो. म्हणूनच जो लेप कधीच सुटत नाही, तो इथे निकामी ठरतो.

नागपूरच्या ‘मेडिकल’ आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत विदर्भाबरोबरच शेजारच्या मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्याकडूनही हाड मोडलेले रुग्ण येतात. त्यांना स्टेनलेस स्टीलची किंवा टायटॅनियमची प्लेट बसवतात, नाहीतर रॉड टाकतात. काहींना तो पुढे काढून घ्यावा लागतो. मग पुन्हा भूल, पुन्हा जखम आणि पुन्हा बुडालेली मजुरी. गडचिरोलीच्या आतल्या गावातून येणाऱ्या माणसाची ही दुसरी खेप वाचवणे हेच या रोपणांचे सर्वांत मोठे मोल आहे.

मॅग्नेशियम हाडाला मानवतेही. त्याची घनता घनसेंटिमीटरला 1.74 ग्रॅम आहे. त्याचा ताठपणा सुमारे 45 गिगापास्कल, टायटॅनियमचा सुमारे 110 आणि पोलादाचा 200 च्या आसपास. रोपण फार ताठ असले की भार तेच उचलते आणि खालचे हाड कमकुवत होते. प्रौढ माणसाच्या शरीरात मुळातच सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत.

अडचण वेगाची आहे. पाण्याशी संयोग होताच मॅग्नेशियमचा हायड्रॉक्साइड बनतो आणि हायड्रोजन सुटतो. एक ग्रॅम धातूमागे जवळपास एक लिटर वायू! हायड्रॉक्साइडचा थर धातूला काही काळ झाकतो, पण रक्तातले क्लोराइड तो टिकू देत नाही. 1907 च्या सुमारास बेल्जियमचे शल्यविशारद आल्बँ लाँबोत यांनी पायाच्या अस्थिभंगावर मॅग्नेशियमची प्लेट सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी बसवली. दोन धातूंची बॅटरीसारखी विद्युतघट-जोडी तयार झाली, आठ दिवसांत प्लेट विरली आणि कातडीखाली वायू साचला. त्याआधी 1878 मध्ये एडवर्ड ह्यूस या डॉक्टरांनी रक्तस्राव थांबवण्यासाठी मॅग्नेशियमची तार वापरली होती.

लेपांचे प्रकार पुष्कळ आहेत, पण खरा कस चार-पाचांचाच लागतो. हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवून मिळणारा मॅग्नेशियम फ्लुओराइडचा थर जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर जाड असतो, तरी सुरुवातीचा हल्ला रोखतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ॲनोडायझिंगचाच (विजेने ऑक्साइडचा थर चढवण्याचाच) उग्र अवतार म्हणावी अशी सूक्ष्म-ठिणगी ऑक्सिडीकरणाची पद्धत आहे. काही शे व्होल्टचा दाब देताच पृष्ठभागावर ठिणग्या उडतात आणि धातूतूनच चिनीमातीसारखा कठीण थर उगवतो. तो घट्ट बसतो, पण सच्छिद्र असतो. त्याची छिद्रे बुजवली नाहीत तर द्रव आत शिरतोच. कॅल्शियम फॉस्फेटांचे लेप हाडाच्या खनिजाशी नाते सांगतात, त्यामुळे पेशी त्यांच्यावर चांगल्या धरतात. पॉलिलॅक्टिक आम्लासारख्या बहुवारिकांत (पॉलिमरांत) औषध मिसळता येते. 2016 मध्ये युरोपात मान्यता मिळालेल्या ‘मॅगमॅरिस’ स्टेंटवर असाच, सिरोलिमस हे औषध सोडणारा लेप आहे. मात्र बहुवारिकाखाली हायड्रोजन अडकून फोड येतात आणि लेप उचकटतो. म्हणून खाली ऑक्साइड आणि वर बहुवारिक असा दुहेरी थर अधिक भरवशाचा वाटतो.

लेपाइतकीच धातूची शुद्धताही महत्त्वाची आहे. लोह, निकेल, तांबे अत्यल्प असले तरी झीज भडकते. ॲल्युमिनियमयुक्त मिश्रधातूंत लोहाचा त्रास कमी करायला मँगनीज घालतात. मॉइल कंपनीच्या मँगनीज खाणींमुळे नागपूरकरांना हा धातू चांगलाच ओळखीचा आहे. अशुद्ध धातूवर महागडा लेप चढवणे व्यर्थ, कारण लेपाला पहिला ओरखडा पडताच धातू तिथूनच खोल खड्डा पाडत जातो. आणि स्क्रू पिळताना ओरखडा पडतोच.

चाचणीचा मूळ संच साधा असतो. कृत्रिम शरीरद्रवात 37 अंश सेल्सिअसला नमुना ठेवायचा, वर पालथी ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली काचनळी) लावायची आणि जमलेला हायड्रोजन मोजायचा. नागपूरच्या व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या धातुशास्त्र विभागासारख्या ठिकाणी हे सहज शक्य आहे. फक्त मे महिन्यात नुसते तापवणारे जलपात्र पुरत नाही. खोलीच 37 च्या वर गेली तर त्याला थंड करणारी जोड हवी, शिवाय वायूचे आकारमानही तापमानानुसार सुधारून घ्यावे लागते. काचपात्रातला आकडा शरीरातल्या झिजेशी जुळेलच असे नाही. शरीरात प्रथिने असतात, रक्ताचा प्रवाह असतो आणि झीज अनेकदा मंद असते.

रुग्णालयासाठी दोन गोष्टी. क्ष-किरण चित्रात स्क्रूभोवती दिसणारी काळसर छाया बहुधा वायूची असते, तिला लगेच संसर्ग समजू नये. आणि ही रोपणे ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नयेत. तापलेली वाफ धातूवर आधीच हायड्रॉक्साइड चढवते आणि बहुवारिकाचा लेप बिघडवते. उत्पादकाने निर्जंतुक करून दिलेले, ओलावा न शिरणारे पाकीट शस्त्रक्रियेच्या टेबलावरच उघडावे.