मोहरीचा मध आणि तांदळाचा पाक

डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरहून मुरैन्याकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोहरीची पिवळी शेते लागतात आणि त्यांच्या बांधांवर ओळीने मांडलेल्या मधपेट्या दिसतात. या पेट्यांतला मध ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरी आणून ठेवला, तर थोड्याच आठवड्यांत तो पांढुरका आणि तुपासारखा रवाळ होतो, आणि नेमका तोच मध ‘यात साखर घातली आहे’ असे म्हणून नाकारला जातो. आमच्या घरीही एका थंडीत असा थिजलेला मध टाकून देण्यात आला होता. त्याची चुटपुट मला अजून आहे, कारण तो मध बहुधा अस्सलच होता.

मध म्हणजे मुख्यतः फ्रुक्टोज आणि ग्लुकोज या दोन शर्करांचा अतिशय दाट द्राव. त्यातले ग्लुकोज पाण्यात तुलनेने कमी विरघळते. मोहरीच्या मकरंदात ग्लुकोजचे प्रमाण अधिक असल्यामुळे, तापमान १४ अंशांच्या आसपास आले की त्याचे स्फटिक भराभर बनू लागतात. बाटली कोमट पाण्यात ठेवल्यास मध पुन्हा पातळ होतो. उलट फ्रुक्टोज भरपूर असलेला कारखान्यातला पाक मिसळला, तर मिश्रण महिनोन्‌महिने पातळ आणि चकचकीत राहू शकते. म्हणजे ज्या खुणेवरून आपण मध नाकारतो, ती खूण पुष्कळदा त्याच्या बाजूने साक्ष देत असते.

पाण्याच्या पेल्यात थेंब सोडणे, मधात बुडवलेली वात पेटवणे, अंगठ्यावर थेंब ठेवून तो ओघळतो का पाहणे, या घरगुती परीक्षांतून फार तर मधातले पाणी आणि दाटपणा यांचा अंदाज येतो. भेसळीसाठी तयार केलेला पाक मधाइतकाच दाट असतो, त्यामुळे तो या साऱ्या परीक्षांत सहज उत्तीर्ण होतो.

प्रयोगशाळेत मात्र कार्बनचा उपयोग होतो. निसर्गातल्या कार्बनपैकी सुमारे १.१ टक्का कार्बन-१३ हा किंचित जड समस्थानिक, म्हणजे कार्बनचाच थोडा जड प्रकार, असतो. ऊस आणि मका यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने त्यांच्या साखरेत तो थोडा अधिक सापडतो, तर मधमाश्या ज्या फुलांवर जातात त्यांतल्या बहुतेक वनस्पतींत कमी. साखर मिसळली तरी मधातील प्रथिनांचा कार्बन बदलत नाही. म्हणून मधातील प्रथिने आणि त्याच मधातील शर्करा यांच्या कार्बनची तुलना केली आणि दोहोंत दर हजारी १ एककाहून अधिक तफावत आढळली, तर उसाची किंवा मक्याची साखर मिसळल्याचे निदान होते. ही पद्धत मला फार सुंदर वाटते, कारण तिच्यात मधाची कसोटी मधातच दडलेली आहे. भेसळ करणाऱ्यांनी तिला दिलेले उत्तर साधे होते: त्यांनी भात आणि बीट यांच्याकडे मोर्चा वळवला. या दोन्ही वनस्पतींच्या कार्बनची ठेवण मकरंदाच्या वनस्पतींसारखीच असल्याने ही चाचणी तेथे आंधळी ठरते. मग तांदळाच्या पाकातील विशिष्ट खुणा शोधणाऱ्या चाचण्या आल्या, आणि त्या खुणा पुसून टाकणारे पाकही आले.

भारतात २०२० च्या डिसेंबरात विज्ञान आणि पर्यावरण केंद्र (सीएसई) या दिल्लीच्या स्वयंसेवी संस्थेने १३ ब्रँडच्या २२ नमुन्यांच्या तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. आणंदच्या प्रयोगशाळेत बहुतेक मोठे ब्रँड उत्तीर्ण झाले होते, परंतु जर्मनीत अधिक सूक्ष्म चाचण्या केल्यावर ७७ टक्के नमुन्यांत साखरेच्या पाकाची भेसळ आढळली. कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले. जर्मनीत वापरलेल्या एनएमआर (न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्स) पद्धतीत नमुना प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवून त्यातील हायड्रोजनच्या केंद्रकांचा प्रतिसाद नोंदवतात आणि तो आलेख अस्सल मधांच्या संग्रहाशी ताडून पाहतात. अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय मधासाठी ही चाचणी १ ऑगस्ट २०२० पासून सक्तीची झाली होती. देशात विकल्या जाणाऱ्या मधाला त्या वेळी ही अट नव्हती, आणि हा भेद मला आजही खटकतो.

युरोपातही चित्र फारसे वेगळे नव्हते. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत आयात मधाच्या ३२० नमुन्यांपैकी ४६ टक्के संशयास्पद ठरले. आयात मध किलोला सव्वादोन युरोंच्या आसपास पडत होता, तर तांदळाचा पाक ०.४० ते ०.६० युरोंना मिळत होता. भेसळीमागचे कारण या दोन आकड्यांत स्पष्ट दिसते. २०२४ मध्ये युरोपीय संघाने नियम कडक केले. मिश्र मधाच्या बाटलीवर कोणत्या देशाचा किती टक्के मध आहे, हे १४ जून २०२६ पासून छापावे लागेल, असे त्यांत ठरले.

मात्र सीमेवर केवळ मधाची झडती घेऊन भागणार नाही, कारण पाक मधाच्या नावाने येतच नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये गोल्डन सिरप, इन्व्हर्ट शुगर सिरप आणि तांदळाचा पाक यांच्या आयातीवर नजर ठेवण्यास सांगितले, परंतु विज्ञान आणि पर्यावरण केंद्राच्या पाहणीत या नावांनी होणारी आयात जवळपास आढळली नाही. माल फ्रुक्टोज सिरप म्हणून येत होता. म्हणून बंदरावर उतरलेला पाक पुढे कोणत्या कारखान्यात गेला आणि तेथे त्याचे काय झाले, याचा हिशेब मागितला गेला पाहिजे.

दुसरे काम आपल्या परिसरातले आहे. एनएमआरचा निर्णय तिच्या संग्रहाइतकाच विश्वासार्ह असतो. त्यात चंबळच्या मोहरीच्या मधाचे पुरेसे नमुने नसतील, तर येथील प्रामाणिक मधपाळाचा माल ‘अनोळखी’ म्हणून संशयाच्या यादीत जाऊ शकतो. हे नमुने दर हंगामात, मध काढला जात असतानाच, थेट पेटीजवळून गोळा करावे लागतील, आणि मोहरीचा फुलोरा ओसरला की मधपाळ पेट्या ट्रकमध्ये भरून पुढच्या फुलोऱ्याकडे निघून जातात.