फाइल विलोपन, लिनक्समधील

लिनक्स संगणकावर फाइलचे नाव निर्देशिकेतून (फोल्डरमधून) काढून टाकण्याची क्रिया, तसेच ती अडल्यास करावयाचे दोषनिवारण. या प्रणालीच्या गाभ्यात फाइल ‘पुसण्याची’ सोय नाही. आहे ती ‘अनलिंक’, म्हणजे दुवा तोडण्याची. मालकी, परवानग्या आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे याची नोंद ‘आयनोड’ या अंतर्गत नोंदपत्रात असते, नाव मात्र निर्देशिकेत. एका आयनोडला अनेक नावे असू शकतात. शेवटचे नाव गेले आणि कोणताही प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसलेला नसला, तरच जागा मोकळी होते. बहुतेक तक्रारींचे मूळ या एका व्यवस्थेत सापडते.

‘आयनोड’मधील ‘आय’ कशाचा, याबद्दल एकवाक्यता नाही. युनिक्स (लिनक्सला आदर्श ठरलेली जुनी प्रणाली) यावरील ग्रंथाचे लेखक मॉरिस बाख यांनी १९८६ मध्ये तो ‘इंडेक्स’चा संक्षेप असल्याचे सांगितले. युनिक्सचे एक जनक डेनिस रिची यांनी मात्र पुढे आपल्यालाही नक्की माहीत नसल्याचे कळवले. त्यांचा अंदाजही ‘इंडेक्स’चाच होता. ही व्युत्पत्ती स्वीकारण्यास हरकत नसावी, परंतु तिला निर्विवाद म्हणता येत नाही. युनिक्सच्या सुरुवातीच्या पुस्तिकांत फाइल काढणाऱ्या ‘आरएम’ या आज्ञेबरोबरच ‘डीएसडब्ल्यू’ नावाचीही आज्ञा आढळते. ती निर्देशिकेतील एकेक नाव दाखवून ‘काढू का?’ असे विचारी. या नावाची व्युत्पत्ती मजेदार आहे एवढेच सांगून पुस्तिका थांबते. ‘डिलीट फ्रॉम स्विचेस’ (स्विचांवरून काढणे) हा उलगडा पटण्याजोगा आहे, कारण युनिक्सच्या आरंभीच्या पीडीपी-७ या संगणकावर फाइल निवडण्यासाठी समोरील पट्टीवरचे स्विच वापरत.

परवानग्या : फाइल काढण्याचा अधिकार फाइलवर नव्हे, तर ती जिच्यात आहे त्या निर्देशिकेवर अवलंबून असतो. म्हणून ‘फक्त वाचनासाठी’ असलेली फाइल सहज जाते आणि स्वतःच्या मालकीची फाइल दुसऱ्याच्या निर्देशिकेत अडते. सामायिक ‘टेम्प’ (तात्पुरत्या फाइलींच्या) निर्देशिकेत ‘स्टिकी बिट’ या परवानगी-चिन्हामुळे एकाची फाइल दुसऱ्याला काढता येत नाही. हे चिन्ह सुमारे १९७४ पासून निराळ्याच कामासाठी होते. निर्देशिकांसाठीचा आजचा अर्थ ४.३ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीपासूनचा (१९८६) मानला जातो. संदेश नीट वाचावा. ‘परमिशन डिनाइड’ आल्यास बहुधा निर्देशिकेची परवानगी तपासावी. ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हा संदेश ‘सुडो’ (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावूनही हटला नाही, तर फाइलवर ‘इम्यूटेबल’ (बदल रोखणारा) गुणधर्म असण्याचा संभव असतो. तो ‘एलएसअ‍ॅटर’ने दिसतो व ‘चॅटर’ या आज्ञेने निघतो. ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असे आल्यास परवानग्या बदलत बसण्यात अर्थ नाही. डिस्कमध्ये दोष आढळल्याने गाभ्याने ती लिहिण्यास बंद केलेली असू शकते, किंवा त्याच संगणकावरील विंडोज पूर्ण बंद न होता हायबरनेट अवस्थेत राहिलेले असते.

जागा न सुटणे : फाइल मॅनेजरमधून काढलेली फाइल बहुधा ट्रॅशमध्ये जाते. पेनड्राइव्हवर हा ट्रॅश त्याच ड्राइव्हवरील, बिंदूने सुरू होणाऱ्या व म्हणून न दिसणाऱ्या निर्देशिकेत असतो. पेनड्राइव्ह रिकामा दिसतो, तरी भरलेलाच असतो. ‘डीएफ’ (डिस्कची एकूण व्यापलेली जागा सांगणारी आज्ञा) व ‘डीयू’ (दिसणाऱ्या फाइलींची बेरीज सांगणारी) यांच्या आकड्यांत मोठी तफावत असेल, तर नाव गेलेली पण उघडी असलेली फाइल उघड्या फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएसओएफ’ने शोधून तो प्रोग्रॅम बंद करावा. बीटीआरएफएस या फाइल प्रणालीवर जुने स्नॅपशॉट (डिस्कच्या पूर्वस्थितीच्या जपलेल्या प्रती) जागा धरून ठेवतात.

न जुळणारी नावे : लिनक्सच्या नेहमीच्या फाइल प्रणाली नावाकडे केवळ बाइटांची माळ म्हणून पाहतात. देवनागरी नावांत याचा विशेष त्रास होतो. ‘दऱ्या’ या शब्दातील ‘ऱ’ एका संकेतांकाचा (अक्षराला दिलेल्या क्रमांकाचा) असू शकतो, ‘र’ अधिक नुक्ता (खालचा बिंदू) असा दोन संकेतांकांचा असू शकतो, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व शून्य-रुंदीचा जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) लावूनही साधलेला असतो. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टंकण्याच्या खिडकीत) नाव टंकले की ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असे उत्तर येते. जुन्या मॅकवरून आलेल्या फाइलींत दुसरा प्रकार अपेक्षित असतो. अशा वेळी नाव टंकू नये. आद्याक्षर देऊन टॅब कळ दाबावी. तेही जमले नाही तर फाइलींची यादी देणाऱ्या ‘एलएस’ला आयनोड क्रमांक दाखवायला सांगून, त्या क्रमांकावर ‘फाइंड’ या शोधआज्ञेने फाइल गाठून काढावी. ‘डीएसडब्ल्यू’ची युक्ती वेगळ्या रूपात येथे उपयोगी पडते, असे म्हणता येईल. वजाचिन्हाने सुरू होणाऱ्या नावाला आज्ञा आपल्यासाठीची सूचना (पर्याय) समजते. नावापुढे बिंदू व तिरकी रेघ दिली की पुरे.

‘आरएम’ने काढलेली फाइल ट्रॅशमध्ये जात नाही. ईएक्सटी३ या लिनक्सच्या फाइल प्रणालीपासून पुढे नाव निघताना आयनोडमधील मजकुराचे पत्तेही मिटवले जातात, त्यामुळे ती परत मिळवणे बरेच कठीण असते.