वीजबिल जास्त आलंय? आमदारांच्या पत्राआधी स्वतःचा अर्ज द्या

मी एका आमदारांच्या संपर्क कार्यालयात लोकांचे अर्ज लिहून देतो. मार्च संपला की टेबलावर विजेच्या बिलांची चळत चढू लागते आणि येणाऱ्या प्रत्येकाचं मागणं एकच असतं, "साहेबांचं एक पत्र द्या." पत्र आम्ही देतो. पण त्या पत्राला उत्तर कधी द्यायचं याची मुदत कुठल्याही कायद्यात नाही. ग्राहकानं स्वतःच्या सहीनं केलेली तक्रार ग्राहक तक्रार निवारण मंचापर्यंत, म्हणजे वीज कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापर्यंत गेली की तिला मुदत लागू होते. म्हणून पत्रासोबत आम्ही प्रत्येकाला त्याचा स्वतःचा अर्जही करायला लावतो. तो कसा करायचा ते इथे सांगतो.

आमदार काय करू शकतात हे आधी सांगायला हवं, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. विजेचा दर विधानसभा ठरवत नाही. विद्युत कायदा २००३ प्रमाणे तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. वीज आकार, स्थिर आकार आणि वहन आकार हे बिलातले रकाने आयोगाच्या आदेशातून येतात. वीज शुल्क मात्र राज्य सरकारचा कर आहे, घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के बसतो आणि त्याचा कायदा विधिमंडळानं केलेला आहे. सवलतीचंही तसंच. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना २०२४ पासून मिळणारी मोफत वीज हा सरकारचा निर्णय आहे, आणि तिचे पैसे सरकारनंच वीज कंपनीला द्यायचे असतात. शुल्क आणि सवलत यांबद्दल आमदारांना जरूर धरा, सभागृहात प्रश्न विचारायला लावा. तुमच्या घरच्या मीटरची तक्रार मात्र वेगळ्या वाटेनं जाते.

आधी बिल नीट बघा

बिलावर मागील रीडिंग आणि चालू रीडिंग असे दोन आकडे असतात. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी मीटर बंद, सदोष किंवा घराला कुलूप अशी नोंद असेल, तर ते सरासरीचं, म्हणजे अंदाजानं काढलेलं बिल. केंद्राच्या २०२० च्या वीज ग्राहक हक्क नियमांनुसार एका आर्थिक वर्षात अशी दोनपेक्षा जास्त बिलं काढता येत नाहीत. नैसर्गिक आपत्तीसारखी असाधारण परिस्थिती नसताना त्यापुढेही अंदाजाचं बिल चालूच राहिलं, तर प्रत्यक्ष रीडिंगचं बिल मिळेपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. पण नुसतं गप्प बसून बिल थकवू नका. नकार लेखी कळवा.

रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं असेल, तरी मीटरजवळ जाऊन फोटो काढा. फोटोत मीटरचा क्रमांक आणि आकडा दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. मग घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा पाच मिनिटं बघत उभे राहा. सगळं बंद असताना तो लुकलुकत राहिला, तर मीटरच्या पुढे कुठेतरी वीज जातेय किंवा मीटरमध्ये दोष आहे. गेल्या वर्षी एक आजी सलग चार महिन्यांची बिलं पिशवीत घालून आल्या होत्या. घरात दोन दिवे, एक पंखा, टीव्हीसुद्धा नाही. त्यांच्या नातवाला ही चाचणी करायला सांगितली. मेन बंद केला तरी दिवा थांबेना. जिन्यातल्या सामाईक दिव्यांची वायर त्यांच्या मीटरवरून गेलेली निघाली. ते कळेपर्यंत आजी प्रत्येक महिन्याला कर्ज काढून बिल भरत होत्या. हे आठवलं की अजूनही जीव तुटतो.

उन्हाळ्यात आणखी एक कागद येतो आणि लोकांना तो दुप्पट बिल वाटतो. ती अतिरिक्त सुरक्षा ठेव असते. मासिक बिल असेल तर वर्षभराच्या सरासरी बिलाच्या दुप्पट इतकी ठेव कंपनीकडे असावी, असा आयोगाचा २०२१ चा विनियम आहे. वापर वाढला की फरकाची रक्कम मागतात. या ठेवीवर व्याज मिळतं, आणि फरकाची रक्कम सहा मासिक हप्त्यांत भरायची सोयही आहे. त्यासाठी तक्रार करायची गरज नाही, हप्त्यांचा अर्ज पुरे.

तक्रार कोण करू शकतं

बिल ज्याच्या नावावर आहे तो तर करूच शकतो. पण कायद्यातली 'ग्राहक' ची व्याख्या त्याहून मोठी आहे. ज्याच्या जागेला वीजजोडणी आहे तोही ग्राहक, त्यामुळे भाडेकरूही तक्रार करू शकतो. आपल्याकडे निम्मी बिलं अजून आजोबांच्या नावानं येतात. अशा वेळी वारसांना तक्रार करता येते. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारा कागद जोडा, आणि जमलं तर त्याच फेरीत नावबदलाचाही अर्ज देऊन टाका.

कागदपत्रं

गेल्या बारा महिन्यांची बिलं लागतील. हरवली असतील तर महावितरणच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून ग्राहक क्रमांक टाकून काढता येतात. तो क्रमांक बारा अंकी असतो, बिलावर वरच्या बाजूला. त्याशिवाय पैसे भरल्याच्या पावत्या, तारखेसह मीटरचे फोटो, ओळखपत्राची प्रत, आणि दुसऱ्या कुणाला पाठवत असाल तर अधिकारपत्र. १९१२ वर फोन करून तक्रार नोंदवली असेल तर तिचा क्रमांकही लिहून ठेवा. पण फोनवर थांबू नका. पुढे मंचासमोर वजन पडतं ते कागदाचं.

अर्ज साध्या मराठीत, एका पानाचा पुरे. आमच्याकडे आम्ही साधारण असा लिहून देतो:

"मी वरील ग्राहक क्रमांकाचा वापरकर्ता आहे. अमुक महिन्याच्या बिलात अमुक युनिट दाखवले आहेत. मागील बारा महिन्यांचा माझा सरासरी वापर अमुक युनिट आहे. घरात नवीन उपकरण घेतलेले नाही. मीटरची चाचणी माझ्या उपस्थितीत करून अहवालाची प्रत द्यावी, पडताळणीसाठी अतिरिक्त मीटर बसवावा, आणि तोवर वीजपुरवठा खंडित करू नये."

अतिरिक्त मीटरची मागणी विसरू नका. हक्क नियमांत २०२४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली की पाच दिवसांत असा मीटर लावायचा आहे आणि किमान तीन महिने वापर ताडून बघायचा आहे. हे फार थोड्यांना माहीत आहे.

अर्जाच्या दोन प्रती वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात न्या. एक त्यांना द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. ही पोच मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. "साहेब नाहीत, ठेवून जा" म्हणाले तर रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा. उशीरही करू नका. मीटर सदोष निघाला, तर ज्या महिन्यात वाद उभा राहिला त्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांचंच बिल दुरुस्त होतं. वर्षभर वाट बघून तक्रार करणाऱ्याचे मधले पैसे बुडतात.

लाईट कापायला आले तर

माणसं घाबरतात ती इथे, आणि कर्ज काढून भरतात तीही इथेच. विद्युत कायद्याचं कलम ५६ नीट वाचा. थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस आधी द्यावी लागते. आणि बिलावर वाद असेल, तर मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीनं येणारी रक्कम, यांतली जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. म्हणजे नेहमी आठशेच्या आसपास बिल येतं आणि यंदा अकरा हजार आलं, तर आठशेच्या हिशेबानं भरा. भरताना "ही रक्कम हरकत राखून, कलम ५६ नुसार भरत आहे" असं पत्र द्या आणि त्याचीही पोच घ्या. नुसते ऑनलाईन पैसे भरले तर तो फक्त अपुरा भरणा म्हणून नोंदला जातो. त्याच कलमात असंही आहे की, देय झाल्यापासून दोन वर्षं उलटलेली आणि मधल्या बिलांत सलग थकबाकी म्हणून न दाखवलेली रक्कम वसूल करता येत नाही. खूप जुनी बाकी अचानक बिलात आली तर हा मुद्दा अर्जात घाला.

मंच आणि लोकपाल

कंपनीकडे दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जायचं. महावितरणचे मंच परिमंडळांच्या ठिकाणी आहेत. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा यांचे ग्राहक असाल तर त्या त्या कंपनीचा वेगळा मंच आहे. अर्ज 'अनुसूची अ' या नमुन्यात भरायचा. फी नाही, वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत पोहोचलं पाहिजे. मंचावर ग्राहकांच्या बाजूचाही एक सदस्य असतो, तेव्हा बिचकू नका, बोला. वीज तुटण्याची भीती असेल तर अर्जातच अंतरिम आदेश, म्हणजे निकाल लागेपर्यंतचा आदेश मागा. साठ दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा नियमात आहे. निकाल पटला नाही तर पुढच्या साठ दिवसांत मंचाच्या वर दाद मागायची जागा असलेल्या विद्युत लोकपालांकडे जाता येतं. त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूरला आहेत.

एक अट मात्र नीट समजून घ्या. वीजचोरी (कलम १३५) किंवा अनधिकृत वापर (कलम १२६) असा शेरा मारून आकारणी केली असेल, तर मंच ती तक्रार घेत नाही. कलम १२६ च्या अंतिम आकारणीविरुद्ध कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करावं लागतं. त्यामुळे तपासणी पथकानं दिलेल्या कागदावर सही करण्याआधी कलम कोणतं लिहिलंय ते वाचा, आणि त्याची प्रत घेतल्याशिवाय त्यांना जाऊ देऊ नका.

दरच जास्त आहे असं वाटत असेल तर

ती तक्रार मंचाची नाही, आयोगाची. दरप्रस्ताव दाखल झाला की कंपनीला तो जाहीर करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. नोटीस वर्तमानपत्रात येते, नागपूर, पुणे, नाशिक अशा शहरांत जाहीर सुनावण्याही झाल्या आहेत. तिथे कोणीही सामान्य ग्राहक उभा राहून बोलू शकतो. आमच्या भागातले यंत्रमागवाले एकदा गेले होते, सोबत स्वतःची तीन वर्षांची बिलं घेऊन. पुढच्या वेळी घरगुती ग्राहकांनीही जावं असं मला मनापासून वाटतं. नोटीस निघाली की आम्ही ती कार्यालयाच्या दारावर लावतो. हरकतीचा अर्ज लिहायचा असेल तर बिलं घेऊन या, बसून लिहू.